पिस्ता सफारीतला माणूस

चौकट तिसरी

(काळबांडे काका कुठलीच मालिका पहिल्या चौकटीपासून काढत नसत. मधली आधी, मग आजूबाजूच्या. त्यांच्या चित्रांत मी चार महिने रंग भरले, त्यामुळे मलाही तीच सवय लागली.)

सातवी ‘ब’ला आंबा काढायला दिला होता. अठ्ठेचाळीस वह्यांत अठ्ठेचाळीस आंबे आकार घेत होते, त्यांतले निम्मे वांग्याकडे झुकत होते, आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला. सचिव साहेबांनी बोलावलंय म्हणाला. शाळा सुटल्यावर, त्यांच्या घरी.

कशासाठी, ते त्याला माहीत नव्हतं. दोन पावलं गेला आणि परत आला.

“आन मॅडम, रंगपेटी घेऊन या म्हणले.”

त्यानंतर मी फळ्यावरच्या आंब्याला इतकी पानं काढली की आंबा दिसेनासा झाला. पोरांनी तीही सगळी उतरवून घेतली.

सचिव म्हणजे भाऊसाहेब इंगोले. संस्थेच्या चार शाळा होत्या आणि त्या चारही शाळांत कोण राहणार आणि कोण जाणार हे भाऊसाहेबांच्या सहीवर ठरत होतं. मी चित्रकलेची तात्पुरती शिक्षिका, तीन वर्षं पूर्ण झालेली. मला कायम करण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडे सहीला गेला होता. सही झाली तर मी निस्ताने मॅडम. नाही झाली तर जून महिन्यापासून मी पुन्हा घरी, आईच्या समोर बसून कणीक मळणारी ज्योत्स्ना, जिला पाहायला दर रविवारी कोणी ना कोणी येतं.

आणि चार महिन्यांपासून मी याच भाऊसाहेबांना आठवड्यातून एकदा फेसबुकवर रांगेत घुसवत होते.

चौकट पहिली

काळबांडे काका आमच्या शेजारी राहायचे. पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचा, एवढं एकच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, आता स्वतःच्या रेघा ओढाव्यात. मग ते गावातल्या रांगा काढू लागले. रेशनची, बँकेतली, लग्नातल्या जेवणाची, दवाखान्यातली. प्रत्येक चित्रात वीस-पंचवीस माणसं शांतपणे उभी आणि एक जाडसर माणूस कोपर पुढे करून मध्ये घुसतोय. त्याच्या चेहऱ्यावर अजिबात वाईट भाव नसायचा. उलट, आपण सगळ्यांची सोय करतोय असा.

मी हसले तेव्हा काका खूश झाले. हे लोकांनी पाहायला हवं, असं मी म्हटलं आणि माझ्या फोनवर त्यांचं पान उघडून दिलं. सहा आठवड्यांत सहा चित्रं टाकली. आवडली म्हणणारे चार जण होते. एक मी, एक काकांचा नागपूरचा भाचा, आणि दोन असे की ज्यांना श्रद्धांजलीसुद्धा आवडते.

रंग हवा, मी म्हटलं. लोक अंगठ्यानं वर सरकवत जातात, काळ्या रेघेवर अंगठा थांबत नाही.

काकांना ते पटलं नाही. “रेघ बरोबर असली तर रंग कायले पायजे? मेंदी पाहून कोणी लग्न ठरवत नाई.”

“पण मेंदी नसली तर लग्नाला आल्यासारखं वाटत नाही, काका.”

यावर ते म्हणाले, मूळ चित्राला हात लावायचा नाही. हात लावता आलाही नसता. त्यांचा तो गुळगुळीत पारदर्शक कागद रंगीत पेन्सिलीचा रंग धरतच नाही, पेन्सिल घसरून जाते. मी झेरॉक्स काढायची आणि झेरॉक्सवर रंगवायची. झेरॉक्सच्या काळ्या रेघेवर पेन्सिल जोरात गेली की ती रेघ चमकते आणि फिसकटते, म्हणून रेघेच्या अलीकडे केसभर थांबायचं. एकाच दिशेनं, हलक्या हातानं, एकावर एक तीन थर. मग खिडकीत नेऊन, आपली सावली पडणार नाही अशी मान वाकडी करून फोटो. माझी मान त्या चार महिन्यांत कायमची डावीकडे कलली. माझ्या आईचं म्हणणं, पाहायला आलेल्या दोघांनी त्यामुळेच नकार दिला.

चौकट दुसरी: पहिलीच, पण जवळून

रंगपेटी चोवीस पेन्सिलींची, माझ्या ए.टी.डी.च्या, म्हणजे चित्रकला शिक्षक पदविकेच्या, वर्षांतली. निळी बोटभर उरली होती, तपकिरी त्याहून कमी, अंगाचा रंग तर नखाएवढा. आणि एक पेन्सिल अशी होती की जिचं टोकसुद्धा दुकानातून आणलं तसंच होतं. पिस्ता. साहजिक आहे. पिस्ता रंगाचं आपल्याकडे असतं काय? कुल्फी. आणि कुल्फीचं चित्र परीक्षेला येत नाही.

तेव्हा काटकसर म्हणून रांगेतल्या साध्यासुध्या माणसांना मी जपून निळं-तपकिरी दिलं आणि त्या घुसणाऱ्या जाड्याला, ज्याच्या अंगावर सगळ्यात जास्त जागा होती, पिस्ता.

पहिल्याच रंगीत चित्राला दोनशे सत्तर लोक थांबले.

खाली कोणीतरी लिहिलं होतं, “साहेब आज बँकेत का?” दुसऱ्यानं, “सफारी नवीन दिसते.” तिसऱ्यानं फक्त हात जोडले होते. मला वाटलं, लोक प्रेमळ आहेत. भाऊसाहेबांना मी तोवर एकदाच पाहिलं होतं, मुलाखतीच्या दिवशी, आणि त्या दिवशी मी टेबलाच्या कडेशिवाय काहीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या चित्राच्या आठवड्यात स्वातंत्र्यदिन आला. चार शाळांत या वर्षी आमची पाळी होती, झेंडावंदनाला भाऊसाहेब आले. पिस्ता रंगाची सफारी, पिस्ता रंगाची पँट. दाभाडे मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, यांनी मुलाच्या लग्नात आहेरासाठी अख्खं ठाण घेतलं होतं, पाहुण्यांनी ते परत केलं, तेव्हापासून सहा जोड शिवून घेतलेत. तालुक्यात हा रंग दुसरा कोणी घालत नाही. घालूच शकत नाही, कापड संपलं.

इथेच थांबायला हवं होतं. मला ते त्या क्षणी कळलं होतं, हे मी मान्य करते. पण दुसऱ्या चित्राला चारशे बारा लोक थांबले होते. चारशे बारा! माझी सगळी भावकी मिळून एकशे चाळीस. मी मनाला समजावलं, की आता मध्येच रंग बदलला तर उलट संशय येईल. आणि तिसऱ्या चित्रातही पिस्ता भरला. मग चौथ्यात. पाचव्यात मी बटणंसुद्धा काढली.

चौकट चौथी

भाऊसाहेबांच्या दिवाणखान्यात काका आधीच येऊन बसले होते. मांडीवर नकाशाची पत्र्याची नळी, पायात बाहेरच्या चपला. काढा म्हणायला कोणी धजलं नसावं. टीपॉयवर आमची सगळी चित्रं मोठ्या आकारात छापून ठेवलेली होती. छापल्यावर पिस्ता आणखी उठून दिसत होता.

भाऊसाहेब ओरडले नाहीत. मी ओरडण्याची तयारी करून गेले होते, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली. ते हळू आवाजात, जवळजवळ दुखऱ्या आवाजात बोलत राहिले. गेले तीन महिने त्यांना कुठेही जाता येत नाही, म्हणाले. बँकेत गेले की मॅनेजर पूर्वीसारखा आत बोलावतो, पण रांगेतली माणसं वळून बघतात आणि सरकून जागा करून देतात. मधोमध, बरोबर एका माणसाएवढी. आणि वाट पाहतात.

“मग?” काकांनी विचारलं.

“मग काय, मागं जाऊन उभा राहतो. परवा पासबुक भरायला पाऊण तास उभा होतो मी. गुडघे दुखतात माझे.”

मला हसू आलं. ते दाबताना ठसका लागला. भाऊसाहेबांनी स्वतः पाण्याचा पेला पुढे केला, त्यामुळे आणखी लाज वाटली.

मग चौकशी सुरू झाली. हा माणूस कोण, त्यांनी काकांना विचारलं. काकांनी सांगितलं, कोणी एक नाही. एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीशी बसून जेवढी कोपरं पाहिली, तेवढ्या सगळ्यांचा मिळून हा एक केला आहे. आणि पुरावा म्हणून त्यांनी नळीतून मूळ कागद काढून पसरला. काळी रेघ, रंगाचा ठिपका नाही.

भाऊसाहेबांनी आपल्या पत्नीला, म्हणजे इंगोले काकूंना, हाक मारली. काकू चहा घेऊन येतच होत्या. निःपक्षपाती म्हणून त्यांना मध्ये बसवलं आणि हा काळा-पांढरा कागद समोर धरला. यात कोण दिसतं, नीट पाहून सांग.

काकूंनी चष्मा लावला. आरामात पाहिलं.

“तुम्ही.”

“अगं, रंग नाही त्याला.”

“नाही ना. म्हणून जरा आजारी दिसता.”

काकांनी चहा बशीत ओतला आणि तोंड बशीमागे नेलं. भाऊसाहेबांनी काकूंना आत जायला सांगितलं. काकू गेल्या नाहीत. त्या पुढची चित्रं एकेक करून पाहायला लागल्या. त्यांनी ती आधीही पाहिली असावीत, कारण कुठल्या चित्रानंतर कुठलं येतं हे त्यांना माहीत होतं.

मग भाऊसाहेब माझ्याकडे वळले. रागावायला नाही बोलावलं, म्हणाले. चित्रं छान आहेत, चालू ठेवा, गावाचं नाव होतं. फक्त एक बारीकशी दुरुस्ती. त्यांनी टीपॉयखालून आमच्याच चित्रांच्या बिनरंगाच्या झेरॉक्स काढल्या, एक गठ्ठा. जुनी चित्रं पानावरून काढून टाकायची, नवीन रंगवून त्या जागी टाकायची. या माणसाचा पिस्ता जाऊन तिथे किरमिजी यायला हवा, बस.

किरमिजी म्हणजे मोहोड सरांचं जाकीट. निवृत्त मुख्याध्यापक, संस्थेच्या निवडणुकीत समोरच्या बाजूनं उभे राहिलेले. हिवाळा-उन्हाळा तेच जाकीट.

“तुमच्या पेटीत आहे ना किरमिजी?” भाऊसाहेबांनी विचारलं.

होता. अर्धा उरला होता.

काका खिडकीबाहेर पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते काही म्हणतील म्हणून. ते एवढंच म्हणाले, “रेघ माझी आहे, रंग तिचा आहे. तिले विचारा.” चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी रंगाला माझं नाव लावलं होतं, आणि तेही नेमकं अशा वेळी.

हे मी लपवत नाही, की मी पेन्सिल उचलली. तिला ब्लेडनं टोक काढलं. बाहीपासून सुरुवात केली. हलक्या हातानं, एका दिशेनं, रेघेच्या अलीकडे केसभर थांबत. मोहोड सर चांगले होते, पण मोहोड सरांच्या हातात सही नव्हती. डोक्यात आईची कणकेची परात होती. काम मात्र नीट करत होते. वाईट काम करताना माणूस ते जास्त नीटनेटकं करतो असं तेव्हा लक्षात आलं.

एक बाही भरून झाली तशी भाऊसाहेबांची कळी खुलली. त्यांनी कपाटातून लाल दोरीची फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. वर माझं नाव.

“मी काही विसरत नाही, मॅडम. तुमच्या मामांचा फोन आला त्याच दिवशी तुमची फाइल काढून सगळ्यांच्या वर ठेवली. आता या मीटिंगमध्ये पहिली सही तुमची.”

काकू चित्रांतून मान वर न करता म्हणाल्या, “सगळ्यांच्या वर? आणि खाली किती आहेत हो?”

“आठ असतील.”

“ते कधीपासून आहेत?”

“आहेत आपले. कोणी सहा वर्षं, कोणी दहा. ते जुनेच आहेत, त्यांना सवय आहे.”

कोरी चौकट

(इथे काकांनी काही काढलं नसतं. मीही काही भरत नाही. फक्त कडेला बारीक अक्षरात: मामांनी ‘शब्द टाकला’ हे मला माहीत होतं. पेढे घेऊन मीच त्यांच्याकडे गेले होते. शब्द टाकणं याला आमच्या घरात कोणी रांगेत घुसणं म्हणत नाही. त्याला ओळख म्हणतात.)

चौकट चौथी, चालू

काकांनी खिडकीवरची नजर काढून माझ्याकडे आणली. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, माझ्या उजव्या कोपराकडे. ते टीपॉयवर होतं, चित्रं बाजूला सारून पुढे आलेलं. चित्रकाराची ही सवय फार वाईट.

मी कोपर मागे घेतलं. पेन्सिल पेटीत तिच्या खाचेत ठेवली.

“साहेब, माझी फाइल नवव्या नंबरला ठेवा.”

त्यांना वाटलं मी नम्रता दाखवते आहे. मी पुन्हा सांगितलं. आणि किरमिजी भरणार नाही, कारण मोहोड सर कधी घुसलेले मी पाहिले नाहीत. पिस्ता काढून टाकते, माझी चूक होती. यापुढे तो माणूस बिनरंगाचा राहील.

“बिनरंगाचे तर ते आजारी दिसतात,” काकू म्हणाल्या.

तेव्हा भाऊसाहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. रांगेचा एवढा पुळका आहे तर ठीक आहे, म्हणाले. त्यांनी माझी फाइल उचलली, कपाट उघडलं, गठ्ठा बाहेर ओढला आणि आमच्या तिघांच्या देखत मोजून मोजून आठांच्या खाली ती सारली.

“आता बसा. आणि फक्त तुमचीच नाही, आजपासून या कपाटातली एकही फाइल नंबर सोडून निघणार नाही. कोणाचाही मामा येऊ दे. मग पाहतो मी, किती दिवस रांग गोड लागते ते.”

काकूंनी त्यांच्याकडे जरा चकित होऊन पाहिलं. “हे एक बरं बोललात,” त्या म्हणाल्या, आणि रिकामे कप घेऊन आत गेल्या.

काका आणि मी घराकडे निघालो. गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले, आईला काय सांगशील? मी म्हटलं, नंबर लागायचा आहे.

चौकट पाचवी

दुसऱ्या दिवशी दाराखालून कागद आला. काकांनी स्वतःच झेरॉक्स काढून आणली होती. रांग होती, पण या वेळी जाडा माणूस रांगेत शेवटी, गुडघा धरून उभा. आणि मध्ये घुसणारी एक सडपातळ बाई. खांद्याला झोळी, मान किंचित डावीकडे कललेली, चेहऱ्यावर तोच भाव: मी तर सगळ्यांची सोय करतेय.

मी अर्धा दिवस ते चित्र उलटं ठेवलं. मग रंगवलं. मी रोज हळदी रंगाची ओढणी घेत होते, ते सगळ्या शाळेला माहीत होतं. पिवळी पेन्सिल इतकी छोटी उरली होती की ती पेनच्या टोपणात खुपसून धरावी लागली. ओढणी पूर्ण भरली, झालरीसकट, आणि पानावर टाकून फोन बंद केला. गाव काय म्हणेल ते आता म्हणू दे, असं ठरवून दुसऱ्या दिवशी तीच ओढणी घेऊन शाळेत गेले.

कोणीही मला ओळखलं नाही.

दाभाडे मॅडमना खात्री होती की ती संगीताच्या बाई आहेत. संगीताच्या बाई दाभाडे मॅडमकडे पाहून दोन दिवस हसत होत्या. खाली प्रतिक्रियांत सतरा वेगवेगळ्या बायकांची नावं आली, त्यांत एक माझी चुलतमावशी. मुख्याध्यापकांनी मला बोलावून समज दिली की स्त्री-कर्मचाऱ्यांची अशी टिंगल बरी नव्हे, विशेषतः ज्या गैरहजर आहेत त्यांची. मी आरशासमोर मान वाकडी करून पाहिली. मला तर लगेच ओळखू येत होतं.

जून आला. सही झाली नव्हती, पण काढूनही टाकलं नव्हतं. मी तात्पुरतीची तात्पुरती राहिले. रविवारचे पाहुणे येतच राहिले. आईनं मामांशी बोलणं सोडलं, मामांनी माझ्याशी. भाऊसाहेबांच्या हट्टाबद्दल गावात ऐकू येत होतं. एका आमदाराच्या माणसालासुद्धा त्यांनी कपाट दाखवलं होतं म्हणे, आणि नंबर विचारला होता.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तायडे घरी आले. आमच्याच शाळेच्या प्रयोगशाळेतले परिचर, परीक्षानळ्या धुणारे. अकरा वर्षं तात्पुरते. मी त्यांच्याशी ‘नमस्कार’पलीकडे कधी बोलले नव्हते. हातात पेढ्यांचा पुडा.

“मॅडम, आपला नंबर लागला जी. कायम झालो.” ते खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते. “अकरा वर्षांत दर वेळी फाइल वर यायची आन कोणीतरी मधातच घुसायचं. या सालात काय झालं कोणाला मालूम, साहेब एकदम लायनीनंच काढून राहिले.”

मी अभिनंदन केलं. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, एक मागायचं होतं. काकांनी सांगितलं की रंगवलेली चित्रं माझ्याकडे असतात. त्यांना एक हवं होतं, चौकट करून घरात लावायला.

मला वाटलं पिस्तावालं. त्यांनी मान हलवली.

“ते नाई. त्या बाईचं. लय हासलो मी ते पाहून. अशाच असतात पाहा बाया, गरीब गायीवानी तोंड करून पुढं येतात.”

मी आत जाऊन ते चित्र आणलं. हळदी ओढणीतली बाई त्यांच्या हातात दिली. ते दाराच्या उजेडात चित्र लांब-जवळ धरून पाहत राहिले. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग चित्र अलगद गुंडाळलं आणि पुडा माझ्यापुढे उघडला.

“घ्या, मॅडम. दोन घ्या.”

मी एक घेतला. तोंडात असतानाच विचारलं, “तायडे, माझा नंबर कितवा आता?”

त्यांनी छताकडे पाहून बोटांवर हिशेब केला. घाईनं नाही, एकेक नाव घेऊन, कोण कुठल्या शाळेत, कोणाची किती वर्षं.

“तुमच्यापुढं आता सात,” ते म्हणाले.